वॉक्साहॅचीचं कोर्ट आणि आपली तालुका कोर्टं

टेक्सासी: परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'अमेरिकेतल्या खेड्यांत बघायला काय, मका आणि वॉलमार्ट.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. डलासहून दक्षिणेला पाऊण तासावर वॉक्साहॅची. एलिस काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोर्ट, 1897 चं, भर चौकात उभं. गुलाबी ग्रॅनाइट, लाल वालुकाश्म, वर घड्याळाचा मनोरा. वास्तुकार जेम्स राइली गॉर्डनचं काम. कापसाचा पैसा होता, काउंटीने तेव्हा पावणेदोन लाख डॉलर मोजले. टेक्सासात 254 काउंट्या, आणि प्रत्येकीला शेजारणीपेक्षा उंच मनोरा हवा होता! 1999 पासून राज्य सरकार अशा कोर्टांच्या दुरुस्तीला अनुदान देतं. आपल्याकडे? दगडी कचेरी पाडा, निळ्या काचा ठोका. खांबांवरचे कोरीव चेहरे तर बघाच. मेबल फ्रेम नावाच्या मुलीवर कारागिराचा जीव जडला, तिने नाही म्हटलं, तसतसे चेहरे कुरूप होत गेले.

माजी_नाझर: साहेब, दगडी कचेरी फाटकातून छान दिसते. मी एकतीस वर्षं आत बसलो. पावसाळ्यात कौलं गळायची, कागदांच्या बस्त्यांवर खताच्या पिशव्या पांघरायचो. एका दरखास्तीची, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जाची, फाईल काढली तर वाळवीने नेमका हद्दीचा नकाशा खाल्लेला. दोघे भाऊ पुढे अकरा वर्षं भांडले. निळ्या काचांना नावं ठेवा, पण तिथे नकाशा तरी शाबूत राहतो.

पंचगंगाकाठ: काचांचं कौतुक पुरे. चार दशकांहून जास्त आंदोलन करून 18 ऑगस्ट 2025 ला आमच्या कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. कुठे? सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात. डागडुजी केली, चाललं. पुण्यामुंबईकडच्यांना त्या चाळीस वर्षांचं काही नाही, मनोऱ्यांवर मात्र चर्चा.

माजी_नाझर: विषय काय, तुम्ही बोलताय काय!

चिंचगुळाची_आमटी: मला विषयाशी घेणं नाही, त्या मेबलशी आहे. मुलगी 'नाही' म्हणाली म्हणून तिचा चेहरा चौकात कायमचा विद्रूप करून ठेवायचा, आणि आपण तिथे सेल्फी काढायचे? याला प्रेमकथा म्हणता?

टेक्सासी: ताई, दंतकथा आहे हो. गाइड सांगतात.

चिंचगुळाची_आमटी: मग लिहिताना 'दंतकथा' का नाही लिहिलंत? त्या कारागिराच्या, हॅरी हर्लीच्या, गोष्टीला पुरावा नाही, हे तिथले अभ्यासक कधीचे सांगतायत. आमच्या वर्गातल्या एकाने माझं नाव बाकावर ब्लेडने कोरलं होतं. सर हसले, 'कलाकार आहे.' मी वर्षभर बाक बदलून बसले.

पंचगंगाकाठ: बाकावरचं नाव आणि 1897 चं शिल्प एका मापाने? अहो, उद्या मंदिरांवरचे राक्षसही उतरवाल.

चिंचगुळाची_आमटी: राक्षसाला नाव-आडनाव नसतं, भाऊ. हिला आहे. आणि तुमचं बेंच मिळालं ना? आता तरी शांत बसा.

ऑस्टिनवाली: मीही गेलेय तिथे. चेहऱ्यांवर एवढं भांडताय, तळघराचं कुणी बोलतच नाही. दुरुस्तीच्या वेळी तिथल्या भिंतीवर 'निग्रोज' अशी जुनी पाटी रंगाखालून वर आली. खाली कृष्णवर्णीयांचा वेगळा पाण्याचा नळ होता. पुसायची की ठेवायची यावर तिथे वाद झाला. टेक्सासीभाऊंच्या पोस्टमध्ये ग्रॅनाइट आहे, पाटी नाही. आणि कोर्टात वेगळा नळ म्हणजे काय, हे महाड ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी समजावायला नको.

टेक्सासी: मी वास्तूवर लिहीत होतो.

ऑस्टिनवाली: नळही वास्तूतच होता.

माजी_नाझर: हे मात्र खरं. आमच्या जुन्या कोर्टात पक्षकारांना व्हरांड्यातही बसू देत नसत, वडाखालीच. पुकारा ऐकू आला नाही की दावा काढून टाकलाच. तो वड तेवढा अजून आहे. इमारत पाडली याचं दुःख, टेक्सासीसाहेबांची शपथ, मला अर्धंच आहे. जिना सागवानी होता, तेवढ्यापुरतं.

टेक्सासी: चला, नाझरसाहेबांकडून निदान जिना तरी मिळाला! बरं, मान्य. मेबलची गोष्ट दंतकथा म्हणून लिहायला हवी होती. रविवारी पुन्हा जातोय, तळघर उघडं असलं तर उतरतो. मनोऱ्याचा फोटो मात्र काढणारच.

माजी_नाझर: घड्याळ चालतं का तेवढं बघा. आमचं, साहेब कधीही येवोत, पावणेअकराच दाखवायचं.