मदत हवी आहे: घरात फिरता-फिरता वाचायला टॅब घ्यावा का?

पडवीतली

नमस्कार मंडळी. टॅब घ्यावा की नाही यावर आमच्याकडे गणपतीपासून खल चाललाय. दुकानदाराला विचारलं तर तो ‘घ्या’च म्हणणार, म्हणून इथे विचारतेय.

आधी घरची परिस्थिती सांगते. आम्ही देवरुखजवळ राहतो. जुनं चिऱ्याचं घर, खाली पडवी, माजघर, स्वयंपाकघर आणि वर माडी. माणसं चार: मी, नवरा, सासूबाई (माई, वय ७६) आणि आठवीतली लेक. लॅपटॉप एकच आणि तो नवऱ्याच्या कामाचा. त्याची बॅटरी कधीच गेली, वायर निघाली की तो जीव सोडतो. त्यामुळे त्याचा मुक्काम कायम माडीवर.

मला सकाळी चहाबरोबर ई-पेपर, दुपारी विश्वकोश नाहीतर एखादं स्कॅन केलेलं जुनं पुस्तक, स्वयंपाक करताना पाककृती, आणि रात्री मच्छरदाणीत पडल्या पडल्या इथले धागे वाचायचे असतात. गेम नाहीत, ऑफिसचं काम नाही. सध्या हे सगळं साडेसहा इंची मोबाइलवर चालतं. चाळिशी लागून सहा वर्षं झाली, त्यामुळे पानावरची एक ओळ मोठी करायची, डावीकडून उजवीकडे सरकवायची, परत डावीकडे आणायची. अग्रलेख संपेस्तोवर चहा गार.

परवाचं उदाहरण. अनारशाचं पीठ मळत होते. मोबाइल मिठाच्या बरणीला टेकून उभा केला होता. गुळाचं प्रमाण बघायला मान वळवली तर स्क्रीन काळी. दोन्ही हात बरबटलेले, म्हणून करंगळीच्या मागच्या बाजूने उठवायला गेले, पण तिलाही तूप लागलेलं. स्क्रीन दाद देईना. जरा जोर लावला तर फोन बरणीवरून घसरून थेट परातीत. गुळाचा अंदाज चुकला तो चुकलाच. अनारसे हसले, पाठोपाठ लेकही हसली.

आता दुसरी बाजू. २०१३ साली आम्ही एक सात इंची टॅब घेतला होता. स्वस्तातला. वर्षभर लेकीची बडबडगीतं त्यावर झाली, मग तो मंद झाला, मग साइट उघडताना ‘सुरक्षित नाही’ म्हणायला लागला, मग कपाटात गेला. मागच्या आठवड्यात काढून बघितला तर पाठ टम्म फुगलेली, पुरीसारखी. नवऱ्याचं म्हणणं असं की, ‘एक टॅब कपाटात आहेच, दुसरा घ्यायचा तर आधी मोठं कपाट घेऊ.’ उत्तर सुचलं नाही, म्हणून राग जास्त आला.

बजेट वीस हजारांपर्यंत. घ्यावा का? घ्यायचा तर आठ इंची की अकरा? सिमवाला हवा की नुसता वाय-फायवाला? की टॅबचा नाद सोडून नवा मोठा फोनच घेऊ?

चष्मेबहाद्दर

ताई, बाकी सगळं नंतर. तो फुगलेला टॅब आधी घराबाहेर काढा. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, पाठ उघडून बघायला जाऊ नका. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते आणि तुम्ही ती कपड्यांच्या कपाटात ठेवलीत! ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आता मुद्द्यावर. मराठी वाचायचं तर इंच बघण्याआधी एका इंचात किती ठिपके ते बघा. अकरा इंची, १९२० × १२०० च्या पडद्यावर इंचाला साधारण २०६ ठिपके बसतात. पावणेनऊ इंची स्वस्त टॅब १३४० × ८०० चे असतात, तिथे १७९ च्या आसपास. बऱ्याच मोबाइलवर ४०० च्या आसपास असतात, म्हणून तिथे अक्षर बारीक दिसलं तरी कोरीव दिसतं. इंग्रजीला १७९ चालून जातात. आपल्याकडे उकार, रफार, ‘द्ध’, ‘ष्ट्य’, ‘ङ्म’ अशी गर्दी असते. अक्षर लहान ठेवलं तर ऱ्हस्व-दीर्घ उकार सारखेच दिसायला लागतात. मुद्रितशोधनाचं काम करतो, त्यामुळे हे डोळ्यांत जास्त खुपतं असेल, ते सोडून द्या.

स्कॅन पुस्तकांसाठी मात्र अकरा इंचीच. डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंच. अकरा इंची टॅब उभा धरला की पडदा साधारण ५.८ बाय ९.३ इंच, म्हणजे पान आहे त्या मापात मावतं. मोठं करणं नाही, सरकवणं नाही. पावणेनऊ इंचीवर तेच पान ऐंशी टक्क्यांचं होतं. ई-पेपरचं अख्खं पान मात्र कुठल्याच टॅबवर नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही, ती आशा ठेवू नका. बातमीवर टिचकी मारली की वेगळी उघडते, ती सोय वापरा.

वायरमन

पडवीतली ताई, राउटर कुठाय?

पडवीतली

माडीवर, लॅपटॉपशेजारी. चष्मेबहाद्दर, टॅब पडवीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलाय. उद्या नवरा रत्नागिरीला घेऊन जाईल. कपाटाचा टोमणा त्याने मागे घेतलेला नाही.

वायरमन

वाटलंच. चिऱ्याची भिंत किती जाड?

पडवीतली

माजघराची दीड फूट तरी असेल. स्वयंपाकघरात एक काडी येते, मच्छरदाणीत तीही नाही. तिथे मी मोबाइलचा डेटा वापरते.

वायरमन

मग उत्तर तुम्हीच दिलंत. मोबाइलला डेटा आहे म्हणून तुम्हाला कळत नाही, पण वाय-फायवाला टॅब आणलात तर तो फक्त माडीवर चालेल. म्हणजे पुन्हा टेबल आलं. राउटर आधी माजघरात उतरवा. नेट पुरवणारा माणूस फायबरची तार खाली आणून देतो, थोडे पैसे घेईल. ती तार स्वतः ओढू नका, फायबर कोपऱ्यात करकचून वळवली की आतला प्रकाश गळतो. दुसरं, राउटरवर दोन नावं दिसत असतील, एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं. त्याचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ. वेग जास्त, पण जाड भिंत ओलांडताना दम तुटतो. पडवीत आणि मच्छरदाणीत दुसरं, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवालं जोडा. वाचायला तेवढा वेग खूप झाला.

आणि आपल्याकडे वीज जाते. टॅबची बॅटरी आठ तास चालली तरी राउटर बंद पडला की हातात पाटीच. राउटरचा छोटा बॅकअप हजार-दीड हजारात मिळतो, राउटरवर १२ व्होल्ट लिहिलंय ना ते बघून घ्या.

सॅनहोजेची मावशी

मी आयपॅडवर गेली अकरा वर्षं मराठी वाचतेय. पहिला सात वर्षं टिकला, दुसरा अजून धडधाकट आहे. पडदा इंचाला २६४ ठिपक्यांचा, त्यामुळे चष्मेबहाद्दरांची जोडाक्षरं नीट दिसतात. पण तुझ्या बजेटच्या बाहेर जाईल गं, भारतात साधा आयपॅडसुद्धा तीस हजारांच्या पुढे. एकच सांगते, मोठा टॅब झोपून वाचायचा नसतो. अकरा इंची म्हणजे जवळपास अर्धा किलो. डुलकी लागली की नाकावर. माझ्या नाकावर दोनदा पडलाय, आणि नाक आमच्या घराण्याचं, म्हणजे नेम चुकायचा प्रश्नच नाही.

नाना

मी विरोधी पक्षात. घरी टॅब आणून तीन वर्षं झाली. पहिले दोन महिने मी, नंतर नातवंडं. माझ्या हातात येतो तेव्हा चार्जिंग चार टक्के आणि पडद्यावर जॅमची बोटं. ‘घरात सगळ्यांसाठी’ घेतलेली वस्तू ज्याचा हट्ट मोठा त्याची होते.

सूनबाई, एक काम करा. पंधरा दिवस काही घेऊ नका. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, ज्या ज्या वेळी ‘आत्ता टॅब हवा होता’ असं वाटेल त्या तारखेच्या चौकटीत एक शब्द लिहा, कशासाठी ते. घरातल्या सगळ्यांना लिहायला सांगा. पंधरा दिवसांनी चौकटी कोऱ्या असतील तर वीस हजार वाचले.

बिनसिमचा

सिमबद्दल कोणी बोललं नाही. वाय-फायवाल्या टॅबवर यूपीआय चालणार नाही, कारण नोंदणीच्या वेळी बँकेत नोंदवलेल्या नंबरच्या सिमवरून त्याच उपकरणातून एसएमएस जावा लागतो. घरात वाचण्यापुरता हवा असेल तर हा तोटा नसून फायदा आहे, मुलं त्यावरून यूपीआयने काही खरेदी करत बसत नाहीत. व्हॉट्सअॅपला सिम लागत नाही, फोनचं खातं टॅबला जोडता येतं, एकूण चार उपकरणांना.

सिमचे पैसे रॅममध्ये, म्हणजे टॅबच्या चालू कामापुरत्या स्मृतीत, घाला. ४ जीबीचा टॅब दुकानात पळतो. घरी सहा-सात पानं उघडी ठेवलीत की मागच्या पानावर जाताच ते पुन्हा पहिल्यापासून लोड होतं. लांब धागा वाचताना दोनशेव्या प्रतिसादावरून वर फेकले जाण्याचं दुःख इथल्यांना सांगायला नको. ८ जीबी बघा, वीस हजारांत बसतो.

आणि सुरक्षा-अपडेट किती वर्षं देणार, हे छापील कुठे आहे ते विचारा. तुमचा जुना टॅब काच फुटून गेला नाही, तो आतून म्हातारा झाला. अँड्रॉइड ७.१ च्या आधीची उपकरणं आजकालच्या बऱ्याच साइटींचे सुरक्षा-दाखले ओळखत नाहीत, म्हणून ‘सुरक्षित नाही’ दिसतं. क्रोमने तर २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ लाही नवी आवृत्ती देणं थांबवलं. मागच्या पिढीचा टॅब सेलमध्ये चार हजार स्वस्त मिळतो, पण काही वर्षं त्याच्या आयुष्यातून आधीच गेलेली असतात.

चष्मेबहाद्दर

पाककृतीच्या वेळी स्क्रीन काळी होते त्यावर: सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्यात स्क्रीन बंद होण्याची वेळ, ती तीस सेकंदांवर असेल. दहा मिनिटं करा. हे मोबाइलवरही होतं, फुकट.

पडवीतली

अहो, खरंच झालं! सहा वर्षं मी करंगळीने फोन उठवतेय. बाकी सगळ्यांचेही आभार. नाना, कालनिर्णयला पेन्सिल बांधलीय. पंधरा दिवसांनी येते.

पडवीतली

आले. दोन दिवस उशीर झाला, वीज नव्हती.

आधी राउटर. नेटवाला दादा आला, तार माजघरात उतरवली, अर्ध्या तासाचं काम. आता मच्छरदाणीत तीन काड्या. बॅकअप अजून घेतलेला नाही, म्हणूनच दोन दिवस उशीर. वायरमनदादा, तुम्ही विचारलं नसतंत तर मी टॅब आणून कंपनीला शिव्या घालत बसले असते.

आता चौकटी. एकूण एकतीस नोंदी. नवऱ्याची एकच, ‘क्रिकेट’, त्यावर काट मारून त्यानेच ‘टीव्ही आहे’ असं लिहिलंय. लेकीच्या पाच, पैकी चार ‘अभ्यास’. अक्षर बघता त्या एकाच वेळी लिहिल्यासारख्या वाटतात. माझ्या आठ. मला वाटलं होतं माझ्याच वीस-पंचवीस होतील, पण स्क्रीनची वेळ वाढवल्यावर स्वयंपाकघरातल्या नोंदी बंदच झाल्या. उरल्या त्या सगळ्या दुपारच्या, सगळ्या स्कॅन पुस्तकांच्या. रात्रीची एकही नाही, पडल्या पडल्या मोबाइलच बरा पडतो.

राहिल्या सतरा. त्या माईंच्या.

माईंनी एक शब्द लिहा म्हटलं तरी पूर्ण वाक्यं लिहिली आहेत, बारीक अक्षरात, चौकटीबाहेर जाऊन एकादशीवरसुद्धा. ‘ज्ञानेश्वरीच्या ओव्या दिसत नाहीत.’ ‘पेपरातला शब्द वाचता आला नाही, कोणी मोकळं नव्हतं.’ ‘कीर्तनकारबुवांचा चेहरा बघायचा होता.’ त्यांच्याकडे मोबाइल आहे, त्या तो नाकाला लावून बघतात, आणि आम्ही समजत होतो की त्यांना तसंच आवडतं. धागा मी माझ्यासाठी काढला होता. माझं नाव त्यात आता दुसऱ्या नंबरवर आहे.

तर ठरलं असं: टॅब घ्यायचा. अकरा इंची, ८ जीबी, वाय-फायवाला. नाना, तुमची भीती खरी आहे, म्हणून तो माईंच्या नावावर. मुक्काम त्यांच्या पाटाशेजारी, माझ्यासकट ज्याला हवा त्याने त्यांना विचारून घ्यायचा. त्यांचा पासवर्ड लेकीला कळायला किती दिवस लागतात बघू. अर्धा किलो त्यांच्या मनगटाला झेपणार नाही, पण पोथी वाचायचं लाकडी व्यासपीठ देवघरात आहे. रुंदी मोजली, अकरा इंची आडवा व्यवस्थित बसतो. उभा ठेवला तर वरून थोडा बाहेर येईल, चालेल.

शनिवारी माईंना घेऊन रत्नागिरीला जातोय. पिशवीत त्यांचा वाचायचा चष्मा आणि एक डेमी पुस्तक, पडद्याला लावून बघायला. फक्त एकच शंका उरली आहे. दुकानात मांडलेल्या टॅबवर कंपनीची चकचकीत जाहिरातच फिरत असते. तिथे आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून मराठी पान उघडू देतात का? कोणी केलंय का असं?

बिनसिमचा

देतात. न विचारता करा.