घरबसल्या खेळातून समाजबदल: या इंटर्नशिपमध्ये मैदान कुठे आहे?

पायचीत:
“आठ आठवडे, घरबसल्या, खेळातून समाज बदला” ही उन्हाळी इंटर्नशिपची पोस्ट एवढ्या कौतुकाने इथे डकवणाऱ्याला एकच विचारतो, की यात मैदान कुठे आहे? नैरोबीतल्या मथारे वस्तीत १९८७ साली जी युवा क्रीडा संघटना उभी राहिली, तिने वस्तीतला कचरा उचलणाऱ्या संघांना लीगमध्ये गुण दिले. म्हणजे गोलाइतकेच मोल फावड्यालाही आले. लॅपटॉपवर पोस्टर रंगवणाऱ्याला त्यात कुठले गुण द्यायचे?

तक्तेवाली:
गुणतक्ता कोण ठेवतो, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका इंटर्नशिपमध्ये मी हजेरीवह्यांच्या छायाचित्रांवरून तक्ते भरत होते. सराव अंधार पडेपर्यंत लांबला की दुसऱ्या दिवशी मुली येत नाहीत, हे त्या तक्त्यांतून दिसले, मी ते कळवले आणि सरावाची वेळ अलीकडे आली. त्यासाठी मला मैदानावरची धूळ खावी लागली नाही.

पायचीत:
मुली का येत नाहीत, हे त्यांच्या प्रशिक्षक ताईंना पहिल्याच आठवड्यात ठाऊक असणार. त्यांचे कोणी ऐकले नाही आणि आपल्या तक्त्याचे ऐकले, हाच तर माझा आक्षेप आहे.

बिनपगारी:
मैदान की लॅपटॉप, हा वाद भरल्या पोटाचा आहे. मी दहा आठवडे, रोज सहा तास, एका संस्थेसाठी अनुदानाचे अर्ज लिहिले. मानधन शून्य, आणि प्रमाणपत्रावर नावही चुकलेले. ज्यांना सुट्टीत कमाई करावीच लागते त्यांना समतेच्या कामातून असे आधीच बाद करायचे, आणि वर प्रवेशासाठी समावेशनावर निबंध मागायचा!

तक्तेवाली:
स्वयंसेवा आणि नोकरी यांत फरक असतो.

बिनपगारी:
स्वयंसेवेला रोज नऊच्या ठोक्याला कॅमेरा सुरू करून हजर राहावे लागते काय? संयुक्त राष्ट्रांनी २०१३ साली ६ एप्रिल हा विकास आणि शांततेसाठीचा क्रीडा दिन ठरवला, आणि २०१७ मध्ये याच विषयाचे आपले स्वतंत्र कार्यालय बंद केले. दिवस साजरा करणे स्वस्त पडते. माणसे ठेवायची तर पगार द्यावा लागतो.

सावकाश:
मी व्हीलचेअर वापरतो. प्रत्यक्ष शिबिरांसाठी केलेल्या तीन अर्जांना ‘मैदान आपल्या सोयीचे नाही’ असे गोड उत्तर आले. चौथे काम मिळाले, ते घरबसल्या होते म्हणूनच. तेव्हा मानधनासाठी जरूर भांडा, परंतु ‘घरबसल्या’ या शब्दाची टिंगल कोणाच्या अंगावर पडते, तेही पाहा.

पायचीत:
आपल्यापुरता शब्द मागे घेतो. बाकीच्यांनी मात्र आधी दोन आठवडे मैदानावर चुन्याच्या रेषा आखाव्यात आणि मग खुशाल पोस्टर रंगवावीत.

तक्तेवाली:
कोणत्या दिवशी कोण रेषा आखणार, याचाही तक्ता लागेल. कळवा, करून देते.

बिनपगारी:
फुकट देऊ नका.