टाकीचे झाकण आणि उपचारांचा खर्च

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सायंकाळी बी विंगमागील जमिनीखालच्या टाकीवर ठेवलेले प्लायवुड तुटून शेजारच्या वस्तीतील आठ वर्षांच्या मुलाचा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि नडगीला सहा टाके घालावे लागले. उपचारांचा खर्च सोसायटीने द्यावा का, याबाबत मत कळवावे.

ए-२०३: मुलगा सुखरूप आहे हे ऐकून हायसे वाटले. तथापि तो चेंडू आणायला भिंतीवरून उडी मारून आला होता, आणि त्याच भिंतीवर ‘बाहेरील व्यक्तींना प्रवेश नाही’ असा फलक आहे. आज खर्च दिला तर चूक कबूल केल्यासारखे होईल.

सी-५०१ (वकील): काका, विनापरवाना शिरलेल्या मोठ्या माणसाबाबत आपला मुद्दा बराच टिकला असता, मुलांचे तसे नाही. अमेरिकेतील नेब्रास्कात, रेल्वेइंजिन वळवण्याच्या कुलूप नसलेल्या फिरत्या चकतीवर खेळताना सहा वर्षांच्या मुलाचा पाय चिरडला होता. त्यालाही आत जाण्याची परवानगी नव्हती, तरी १८७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७,५०० डॉलर भरपाईचा निकाल कायम ठेवला, कारण तेथे मुले खेळतात याची कंपनीला कल्पना असायला हवी होती. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही आणि आपल्याकडे या विषयाचा स्वतंत्र कायदाही नाही. दावे निष्काळजीपणाच्या सर्वसाधारण तत्त्वावर चालतात. परंतु धोका आधी ध्यानात यायला हवा होता का, हा त्यातला कळीचा प्रश्न आहे, आणि त्या भिंतीवरून रोज चेंडू येतो हे आपण सगळेच पाहतो. मार्च २०२४ मध्ये वडाळ्यातील महापालिकेच्या उद्यानात टाकीत पडून दोन लहान भाऊ दगावले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. राहिला कबुलीचा प्रश्न, तर ‘दायित्व मान्य न करता’ असे पत्रात नमूद करून खर्च देता येतो.

ए-२०३: हे पटले. पण आईवडिलांनी लक्ष ठेवायला नको का?

सी-५०१ (वकील): हवे. परंतु गंजलेले लोखंडी झाकण काढून प्लाय आणि त्यावर दोन विटा ठेवल्या त्या आपण, आणि पावसाळाभर त्या तशाच राहिल्या.

बी-१०४: त्या विटा बाजूला सरकलेल्या मी दोनदा पाहिल्या, उचलून पुन्हा ठेवल्या आणि कोणालाही सांगितले नाही.

सचिव: दवाखान्याची पावती मागवली आहे. कुलपाचे झाकण गुरुवारी बसेल. तोपर्यंत वॉचमनची खुर्ची फाटकाऐवजी टाकीजवळ राहील.