कण्हेर आणि बिट्टी ठेवू की काढून टाकू? घरात लहान मूल आहे, सल्ला हवाय

नमस्कार मंडळी. आमचं घर कराडजवळ, कंपाउंडला लागून सासऱ्यांनी लावलेल्या पांढऱ्या आणि गुलाबी कण्हेरी आहेत आणि गेटपाशी पिवळी, म्हणजे बिट्टीचं चांगलं उंच गेलेलं झाड. पाणी नको, खत नको, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लावली असणार, हायवेच्या डिव्हायडरवर लावतात तेही त्याचसाठी. आता प्रॉब्लेम असा की लेक दोन वर्षांची झालीये, दिसेल ते तोंडात घालते, आणि बिट्टीची फळं पिकून काळी पडली की खाली नुसता सडा. परवा तिच्या मुठीत ती टणक तिकोनी बी सापडली. नवरा म्हणतो आम्ही लहानपणी बिट्ट्यांनीच खेळायचो, खिसे भरलेले असायचे, कुणाला काय झालं? अहो पण तुम्ही खेळत होता, ही चावते!

सासूबाईंचं म्हणणं, देवाचं झाड तोडायचं नाही. शंकराला पांढरी, गणपतीला गुलाबी, रोज परडीभर फुलं लागतात त्यांना. शिवाय औषधाचंही सांगतात, नायट्यावर पांढऱ्या कण्हेरीचं मूळ पाण्यात उगाळून लावायचं, खरजेला पाला तेलात उकळून ते तेल, त्यांच्या माहेरी हे सर्रास चालायचं म्हणे. सध्या त्यांच्याच पायाला नायटा झालाय आणि मूळ उकरायची तयारी चालू आहे, म्हणून जरा घाई आहे.

तर हे बाहेरून लावायला खरंच चालतं का? पूजेत फुलं ठेवली तर काही होतं का? आणि छाटलेला पाला शेळ्यांना नेऊ का असं शेजारच्या मावशी विचारतायत, देऊ का?

प्रतिसाद १
शेळ्यांना अजिबात देऊ नका!! ओला पाला कडू लागतो म्हणून जनावर सहसा सोडून देतं, पण सुकला की बाकीच्या चाऱ्यात मिसळून पोटात जातो आणि सुकल्यानं विष काही जात नाही. मावशींना स्पष्ट सांगा, नाहीतर कचऱ्यातून उचलून नेतील. जाळू पण नका, धुराचा त्रास होतो. हातमोजे घालून छाटा, चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, आणि सगळं खड्ड्यात पुरून टाका. बिट्टी आधी काढा, कण्हेरीचं नंतर बघू.

प्रतिसाद २
मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. सासूबाई सांगतात ते हवेतलं नाही, करवीर म्हणजे कण्हेर आपल्याकडे उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, धरलीये आणि त्वचारोगावर करवीराद्य तेल आहेच. पण वापरायच्या आधी गाईच्या दुधात शिजवून तिचं शोधन, म्हणजे विष कमी करायची शुद्धी, करतात, अंगणातलं मूळ सहाणेवर उगाळणं म्हणजे ते नव्हे. त्यात नायटा खाजवून कातडी सोललेली असते, तिथून विष आत जाऊ शकतं. नायटा बुरशीचा असतो, डॉक्टरांना दाखवून साधं क्रीम लावा, बरा होतो. आणि त्यांना हार्टची गोळी चालू असेल तर मुळाचं नावच काढू नका.

दोन्ही झाडांचं विष हृदयावर जातं, डिगॉक्सिन या हार्टच्या औषधाच्याच जातीतलं. उलट्या, चक्कर, नाडी मंद होते, चुकायला लागते, रक्तात पोटॅशियम वाढतं. श्रीलंकेत बिट्टीच्या बिया खाऊन विषबाधा झालेले पेशंट १९८० च्या दशकापासून सतत येत आलेत, वरवर बरा दिसणारा माणूससुद्धा ईसीजी लावून नजरेखाली ठेवावा लागतो. मुलीनं चावल्याचा नुसता संशय आला तरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका, तोंडातलं बाहेर काढा आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलला, झाडाची फांदी पिशवीत घालून बरोबर न्या. दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७.

प्रतिसाद ३
पूजेचं सांगतो. मे २०२४ मध्ये केरळात त्रावणकोर आणि मलबार देवस्वम बोर्डांनी (देवळांचा कारभार बघणारी मंडळं) नैवेद्यात आणि प्रसादात अरळीची फुलं बंद केली, अरळी म्हणजे आपली कण्हेरच. एका तरुणीचा मृत्यू ती चघळल्यामुळे झाल्याचा संशय होता त्यावेळी. त्यामुळे देवाला वाहायला हरकत नाही, पण तीर्थाच्या भांड्यात, प्रसादाच्या ताटात नको, आणि निर्माल्य पोरीच्या हाताला लागेल असं ठेवू नका. फुलं भिजत ठेवलेलं पाणीसुद्धा लगेच ओतून टाका. आमच्या आईनं तर जास्वंदीवरच भागवलंय, गणपतीची काही तक्रार नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. वैद्यबाईंचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. आधी "आमच्या वेळी कुणी मेलं नाही" झालं, मग हार्टच्या गोळीचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं (त्यांना गोळी चालू आहे). मूळ उकरणं रद्द, शेळ्यांचंही रद्द. बिट्टी रविवारी निघतेय. पांढऱ्या कण्हेरीला मात्र हात लावायचा नाही अशी त्यांची अट आहे, मग तिला कमरेएवढी जाळी मारून घेणार आणि गुलाबीचं अजून भांडण चालू आहे.

आता एकच, बिट्टी बुंध्यापासून कापली तर परत फुटवे येतात का? की जेसीबीवाल्याला बोलावून मुळासकट काढू?

प्रतिसाद १
येतात, चांगले जोमानं येतात. मुळासकटच काढा, आणि खाली पडलेल्या बिया वेचायला विसरू नका, पावसाळ्यात तिथंच रोपं उगवतील.