अंगाचे झटके थांबले, पण मूल शुद्धीवर येत नाही: एकच ईईजी मशीन असताना काय करायचं?

पीआयसीयू_धंतोली (प्रश्न)
आमचं पीआयसीयू, म्हणजे मुलांचा अतिदक्षता विभाग, ८ खाटांचं. पावसाळा लागला की भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि पलीकडून बालाघाट-छिंदवाड्याहून ताप, झटके, बेशुद्धी अशी मुलं येतात. बहुतेकांना वाटेतच मिडॅझोलॅम (झटके थांबवणारं, गुंगी आणणारं औषध) मिळालेलं असतं. काही जण इंट्यूबेट होऊन (श्वासनळीत नळी घालून), स्नायू शिथिल करणारं व्हेक्युरोनियम देऊन पोहोचतात. हातपाय शांत असतात, पण मूल डोळे उघडत नाही. ही औषधाची गुंगी, मेंदूची सूज, की आत झटके चालूच आहेत? ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवणारं) मशीन एकच आहे आणि टेक्निशियन रात्री ८ नंतर नसतो.
विचारायचं आहे ते असं: मशीन आधी कुणाला लावायचं, किती तास ठेवायचं, आणि नुसते ईईजीवरचे झटके दिसले तर किती जोर लावायचा? डोस सांगताना १८ किलोचं मूल धरा, म्हणजे आकडे पडताळता येतील.

बालमेंदू_रामदासपेठ
खाटेशी उभं राहून हे ओळखता येत नाही, हे आधी मान्य करू. बेशुद्ध, गंभीर मुलांना सलग ईईजी लावलं की साधारण १० ते ४० टक्क्यांत झटके सापडतात, आणि त्यातल्या बऱ्याच मुलांच्या अंगावर काहीही दिसत नाही.

मशीन आधी कुणाला? दिसणारे झटके थांबूनही जे मूल पूर्वीसारखं झालेलं नाही, त्याला. तान्ही बाळं, मेंदूज्वर, डोक्याला मार आणि हृदय थांबून पुन्हा सुरू झालेली मुलं यांत धोका जास्त. आपल्याकडे सिकलसेलचं मूल अचानक सुस्त झालं तर तेही यात धरा, कारण तिथे स्ट्रोक आणि झटके हातात हात घालून येतात. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असलेल्या मुलाबद्दल 'झटके नाहीत' असं लिहूच नका. आधी ते औषध बंद करा. व्हेक्युरोनियमच्या एका डोसचा असर साधारण पाऊण-एक तासात उतरतो, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलं असेल तर जास्त वेळ लागतो.

किती तास? सापडणाऱ्यांपैकी सुमारे निम्मी मुलं पहिल्या तासात सापडतात, बाकीची बहुतेक २४ तासांत. म्हणून २० मिनिटांचा 'नॉर्मल' रिपोर्ट फाइलला लावून निर्धास्त होणं धोक्याचं आहे. मशीन एकच असेल तर पहिला तास नीट बघा. त्यात टोकदार लहरी किंवा ठरावीक अंतराने येणारे डिस्चार्ज दिसले तर २४ तास मशीन हलवू नका. काहीच नसेल आणि शेजारच्या खाटेला गरज असेल तर हलवा. खोल कोमातल्या मुलाला ४८ तास मिळाले तर उत्तम.

आणि मोजायचं काय, तर मिनिटं. 'अधूनमधून झटके' या शेऱ्यावरून निर्णय घेता येत नाही. लय, आकार किंवा जागा बदलत जाणारी लहर १० सेकंद टिकली की तो ईईजीवरचा झटका. सलग १० मिनिटं, किंवा कुठल्याही एका तासात मिळून १२ मिनिटं झाली की तो स्टेटस, म्हणजे न थांबणारा झटका. २०१४ मध्ये टोरोंटोतून आलेल्या अभ्यासात, तासाला १२ मिनिटांच्या वर गेलेल्या मुलांच्या मेंदूची अवस्था पुढे जास्त खालावलेली दिसली. म्हणून चार्टवर दर तासाला एकच आकडा लिहा: या तासात किती मिनिटं.

ईईजी_टेबल
रात्रीची अडचण जोडणीची असते, बघण्याची नाही. ट्रेस (ईईजीचा आलेख) दुरून वाचता येतो, पण निघालेला इलेक्ट्रोड दुरून चिकटवता येत नाही. संशयित मूल संध्याकाळी आलं असेल तर टेक्निशियन जायच्या आत पूर्ण जोडणी करून घ्या, कोलोडियन किंवा पेस्टवर गॉज आणि वरून डोक्याला पट्टी. इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि कातडीमधला विद्युत अडथळा) ५ किलोओहमच्या खाली आणा. ईसीजीचा चॅनल आणि व्हिडिओ हवेतच, त्याशिवाय निम्मे ट्रेस वाचता येत नाहीत.

खोटे झटके कुठून येतात ते सिस्टरांनाही सांगून ठेवा. व्हेंटिलेटरच्या नळीत साचलेलं पाणी हुबेहूब तालबद्ध लहर काढतं, नळी रिकामी केली की ती जाते. छातीची फिजिओथेरपी आणि आईचं थोपटणं यानेही तसंच होतं. मे महिन्यात घामाने रेषा वरखाली वाहत राहतात. पंपाची आणि ईईजीची वायर एकत्र गुंडाळली की ५० हर्ट्झची (विजेच्या पुरवठ्याची) जाड पट्टी येते. ती गाळणारा नॉच फिल्टर लावण्याआधी वायर सोडवा.

कमी चॅनलचा अँप्लिट्यूड ट्रेंड (लहरींच्या उंचीचा तासन्‌तासांचा दाबून काढलेला आलेख) रात्री उपयोगी पडतो: खालची आणि वरची कड एकदम उचलली की शंका घ्या. पण छोटा, एकाच कोपऱ्यातला किंवा कमी उंचीचा झटका त्यात हरवतो. ट्रेंडवर शंका आली की मूळ ट्रेस उघडून बघायचाच, औषध त्यानंतर. इलेक्ट्रोडखालची कातडी दर १२ तासांनी तपासा, डोक्यामागे फोड लवकर येतात.

सिस्टर_रात्रपाळी
नाडी आणि बीपी काही कारण नसताना एकदम वर जाऊन दोन-तीन मिनिटांत खाली येणं, बाहुल्या मोठ्या होणं, डोळे एका बाजूला ओढले जाणं, पापणी किंवा अंगठा फडफडणं, ओठ चावल्यासारखे हलणं. यातलं काही दिसलं की पांघरूण बाजूला करून इव्हेंटचं बटण दाबायचं आणि वेळ लिहायची. सक्शन, मुलाची कूस बदलणं, औषधाचा बोलस (एकदम दिलेला डोस) यांच्याही वेळा लिहा, नाहीतर सकाळी ट्रेस वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. दुसरं, झटके थांबवायचं लोराझेपॅम २ ते ८ अंशांत फ्रीजमध्येच ठेवायचं असतं. उन्हाळ्यात वीज गेली की तो फ्रीज आधी बघा.

इंटेन्सिव्हिस्ट_वर्धारोड
१८ किलो धरून लिहितो. रक्तातली साखर पहिल्या मिनिटाला तपासा. कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ ते ५ मिली, म्हणजे ३६ ते ९० मिली. झटक्यांसोबत सोडियम कमी असेल तर ३ टक्के सलाइन ५४ ते ९० मिली, १०-२० मिनिटांत.

शिरेत लाइन असेल तर लोराझेपॅम किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १.८ (कमाल ४). लाइन नसेल तर शोधत बसू नका. मिडॅझोलॅम मांडीत ५ मिलिग्रॅम (१३ ते ४० किलोला हाच डोस), किंवा नाकात किलोमागे ०.२, म्हणजे ५ मिलिग्रॅम/मिलीचं सुमारे ०.७ मिली, दोन्ही नाकपुड्यांत अर्धं-अर्धं. नाकाचा तयार स्प्रे वापरणार असाल तर एका फवाऱ्यात किती मिलिग्रॅम ते बाटलीवर वाचा, सगळ्या सारख्या नसतात. ५ मिनिटांनी आणखी एकदाच. सर्वांत जास्त चूक इथे होते: भीतीपोटी अर्धा डोस, मग पुन्हा अर्धा, मग पाव. झटके थांबत नाहीत आणि श्वास मात्र मंदावतो. वाटेत मिळालेला डोसही यात मोजा.

दुसऱ्या डोसनंतर ५ मिनिटांत फरक नाही, तर पुढचं औषध तयारच हवं. लेव्हेटिरासेटॅम किलोमागे ६० मिलिग्रॅम, म्हणजे १०८० (कमाल ४५००), १० मिनिटांत. फॉसफेनिटॉइन किलोमागे २० फेनिटॉइन-समतुल्य, म्हणजे ३६०. व्हॅल्प्रोएट ४०, म्हणजे ७२०. या तीन औषधांची तुलना करणाऱ्या २०१९ च्या ईसेट चाचणीत तिघांचाही गुण साधारण निम्म्या रुग्णांत आला. म्हणून हाताशी असलेलं आणि त्या मुलाला चालणारं निवडा. फॉसफेनिटॉइनच्या लेबलवर मात्र डोळ्यांत तेल घालून बघा: ७५ मिलिग्रॅम फॉसफेनिटॉइन म्हणजे ५० मिलिग्रॅम फेनिटॉइन. साधं फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाइनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये ते खडे धरतं. वेग मिनिटाला किलोमागे १ मिलिग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ३६० मिलिग्रॅमला किमान २० मिनिटं, मॉनिटरवर नजर ठेवून. बीपी पडलं किंवा नाडी मंदावली तर थांबवा. व्हॅल्प्रोएट २ वर्षांखाली, यकृताच्या किंवा मायटोकॉन्ड्रियाच्या आजारात नको. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालू असेल तरीही नको, रक्तातली व्हॅल्प्रोएटची पातळी कोसळते.

एवढ्यावर थांबलं नाही तर श्वासनळी सुरक्षित करून मिडॅझोलॅम किलोमागे ०.२ चा बोलस (३.६), मग तासाला किलोमागे ०.१. ५० मिलिग्रॅम ५० मिलीत केलं तर १.८ मिली/तास. झटका आला की पुन्हा बोलस आणि मगच वेग वाढवा. नुसता वेग वाढवला तर रक्तातली पातळी तासन्‌तास मागे राहते. बीपी पडलं तर चढवायला नॉरॲड्रेनॅलिन जोडून तयार ठेवा. पुढे केटामाइन १ ते २ मिलिग्रॅम/किलो आणि इन्फ्युजन, त्याने बीपी तितकं पडत नाही.

पीआयसीयू_धंतोली
आणि झटके फक्त ईईजीवर असतील तर?

इंटेन्सिव्हिस्ट_वर्धारोड
तासाला दोन-चार मिनिटं असतील तर लेव्हेटिरासेटॅम, मग फॉसफेनिटॉइन, आणि पुढचा तास मोजा. एवढ्यासाठी मिडॅझोलॅम इन्फ्युजनसारखी, मुलाला कोमात ठेवणारी औषधं नकोत. १२ मिनिटांच्या वर गेलं तर दिसणाऱ्या झटक्यांइतकाच जोर लावा. ट्रेस पूर्ण सपाट करण्याचं ध्येय ठेवू नका, झटके थांबले की पुरे. २४ ते ४८ तास शांत गेले की मिडॅझोलॅम हळूहळू उतरवा, ईईजी लावलेलं असतानाच. झटके परततात ते याच वेळी.

बालमेंदू_रामदासपेठ
औषधांच्या गडबडीत कारण मागे पडू नये. रॅपिड टेस्टने मलेरिया निघाला तर आर्टेसुनेट, २० किलोखाली किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ५४, ०, १२ आणि २४ तासांना. जांघेत, काखेत, कानामागे काळी खपली शोधा, ती स्क्रब टायफसची (किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची) खूण. त्याची शंका असेल तर डॉक्सिसायक्लिन रिपोर्टसाठी अडवू नका. नागीण (हर्पीस) गटाच्या विषाणूचा मेंदूज्वर नाकारता येईपर्यंत ॲसायक्लोव्हिर चालू ठेवा. चांदीपुरा विषाणूचं नावच नागपूरजवळच्या गावावरून, १९६५ पासूनचं. तो काही तासांत मेंदूचा दाब वाढवतो आणि त्यावर खास औषध नाही, म्हणून दाब आणि झटके सांभाळणं हाच उपचार. खोकल्याच्या मलमातला किंवा देवघरातला कापूर खाल्ला का, हेही विचारा. आणि मूत्रपिंड बिघडलेल्या मुलाला सेफेपाइम हे अँटिबायोटिक चालू असेल तर ईईजीवरचे झटके त्यानेही येतात. तिथे नवीन औषध जोडण्याआधी सेफेपाइम बदला.