समुपदेशन म्हणजे पैसे मोजून गप्पा?

खिडकीपाशी: कालच्या पोस्टीने डोकं फिरवलं. म्हणे बारावीच्या पोरांना आणि रिटायर झालेल्यांना समुपदेशक कशाला, आम्हाला कट्टा पुरायचा! लातूरला नीटच्या क्लाससाठी ठेवलेली सतरा वर्षांची पोरगी कुठल्या कट्ट्यावर जाणार? माझी भाची रिपीटर होती. आईचा फोन आला की आधी टेस्टचे मार्क, मग जेवलीस का. टाळूवर टक्कल दिसायला लागलं तेव्हा घरचे म्हणाले, बोअरचं पाणी लागलं. ती अभ्यासाला बसल्या बसल्या एकेक केस उपटत होती. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवाच, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय, ते उगाच नाही.

निवृत्त पण प्रवृत्त: पोस्ट माझीच. कोर्टाचं ऐकून आमच्या इथल्या क्लासने काय केलं? संचालकांच्या मेहुणीच्या टेबलावर पाटी ठेवली. फी गोळा करायचं टेबल तेच. घ्या समुपदेशन!

कोथिंबीर_जुडी: खरा घोळ तिथेच आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, काउन्सेलर मात्र गल्लोगल्ली. यांनी व्हीआरएस घेतल्यावर दिवसदिवस बोलेनात, म्हणून अशाच एका काउन्सेलरकडे नेलं. दुसऱ्याच सेशनला बाईंनी पुष्कराज घालायला सांगितला.

शुभंकर: पुष्कराजाने गुरू बळकट होतो. अनुभव नसताना टिंगल करू नये.

कोथिंबीर_जुडी: अनुभव आहे म्हणूनच बोलतेय. अंगठी कपाटात आहे आणि नवरा अजून गॅलरीत.

खिडकीपाशी: विषय काय, चाललंय काय! शुभंकर, रत्नांचा वेगळा धागा काढा.

शुभंकर: तुमची श्रद्धा गोळ्यांवर, आमची ग्रहांवर. पोरीला वेळीच पत्रिका दाखवली असती तर ही वेळ आली नसती.

खिडकीपाशी: भाचीवर घसरायचं काम नाही. तिला गोळ्या नव्हत्याच. रीतसर शिकलेल्या समुपदेशक बाईंकडे जात होती. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर तिच्या आईला बोलावून फोनवर मार्क विचारणं बंद करायला लावलं. तुमच्या कट्ट्यावर कोणी केलं असतं हे?

निवृत्त पण प्रवृत्त: नसतं केलं. कट्ट्यावर आम्ही स्वतःच मार्क विचारतो. झालं समाधान? पण दर आठवड्याला हजार-दीड हजार कुठल्या पेन्शनीत बसवू, तेही सांगा.

खिडकीपाशी: १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो.

निवृत्त पण प्रवृत्त: सरकारी आणि रात्री लागतो? मग लावून बघायलाच हवा, निदान खोटं पाडायला.

शुभंकर: कोथिंबीरताई, पुष्कराज किती रत्तीचा होता? पाचच्या आतला असेल तर गुण येत नाही.