मदत हवी आहे: लोंबत्या वजनाएवढा ताण दोरीत का येत नाही?

लेक यंदा अकरावी सायन्सला आहे. एका गणितावर आम्ही दोघी अडलोय.

गुळगुळीत टेबलावर ३ किलोचा ठोकळा. त्याची दोरी कडेच्या कप्पीवरून खाली येते, टोकाला २ किलोचं वजन. दोरी-कप्पी वजनरहित, गुरुत्वत्वरण १० धरायचं. उत्तर: त्वरण ४ मी/से², ताण १२ न्यूटन.

आकडे जुळतात, पण तिला कारण हवंय. वजन तर २० न्यूटनचं आहे, मग उरलेले ८ गेले कुठे? त्यात वजनाऐवजी हाताने २० न्यूटन लावून ओढलं तर ताण पुरता २० येतो! जाणकारांनी कृपया समजावून सांगावं.

प्रतिसाद

ताई, लेकीने अगदी मुळावर बोट ठेवलंय. बरीच मुलं इथे सूत्र पाठ करून पुढे जातात.

पृथ्वी २० न्यूटनने ओढते ती त्या वजनाला, दोरीला नाही. आता आकृतीत फक्त ते वजन काढा: खाली २०, वर ताण. ताणही २० असता तर सुटलेलं वजन जागचं हललंच नसतं. पण ते ४ च्या त्वरणाने खाली चाललंय, आणि २ किलोला तेवढं त्वरण द्यायला ८ न्यूटन लागतात. तेच तुमचे ८. राहिले १२, ते ३ किलोच्या ठोकळ्याला ओढतात. १२ भागिले ३, परत ४.

हाताचे २० मात्र थेट दोरीवरच लागतात. हात हलवायला लागणारं बल स्नायू वेगळं पुरवतात. म्हणून ताण २० आणि ठोकळ्याचं त्वरण ६.६७.

दोरीत ताणकाटा अडकवून ठोकळा धरून ठेवा, मग सोडा. सोडताच काटा उतरतो. घर्षणामुळे घरी नेमका हिशेब जुळणार नाही, पण उतरणं दिसतं.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार! लेक विचारतेय, ठोकळा जड केला तर ताण वाढेल का?

प्रतिसाद

वाढेल. १८ किलोचा घेतला तर त्वरण १ आणि ताण १८. कितीही जड घ्या, २० च्या जवळ जाईल, गाठणार नाही.

आता तिला कप्पीच्या दोन्ही बाजूंना ३ आणि २ किलो टांगून द्या. ताण २० ते ३० च्या मधेच का हवा, हे आकडेमोडीआधी तिने सांगावं. उत्तर २४ येतं.